फाटकावरचं मचाण

मेसन, टेक्सस
बुधवार, २ नोव्हेंबर १९९४

डॉर्मन,

'प्रिय' लिहीत नाही. फेब्रुवारीत बाबांना मातीत ठेवलं तेव्हा तू आला नाहीस. तो राग अजून गेलेला नाही, आणि गेला नसताना गेल्यासारखं लिहायला मला जमत नाही. फोन केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

शनिवारी हरणांचा मोसम उघडतोय. हॉलिस, गेलन आणि त्रेविन्यो शुक्रवारी दुपारी येतील आणि रविवारी जातील, नेहमीसारखे. तिघं तुझे शाळासोबती. तू हे घर सोडलंस, त्यांनी नाही सोडलं. खरं तर यंदा त्यांना नको म्हणणार होते. बाबांशिवाय पहिलाच मोसम, कशाला हौस? पण आई म्हणाली, "पोरांना येऊ दे. हरीण नाही पडलं तर सॉसेज काय चिमण्यांचं करणार?" मग मी त्यांना हो कळवलं.

तूही ये. एवढंच लिहायचं होतं, पण तुला एवढंच लिहून तू येणार नाहीस हे मला माहीत आहे.

आईचं सांगते. एक डोळा गेलाच, दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. पायांना सूज आहे. डॉक्टर माझ्याशी बोलताना तिच्यासमोरून उठून व्हरांड्यात येतो, त्यावरून काय ते समज. ही थंडी ती काढेल असं मला वाटत नाही. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही, पण दिवस कलला की न चुकता विचारते, "फाटक वाजलं का गं? डॉर्मन आला का?" मी म्हणते, वारा आहे. रोज वारा कुठून आणू मी?

आता तू म्हणशील, बाबा काय म्हणाले होते ते विसरलीस का. नाही विसरले. मी तिथेच उभी होते. तू भांडून गाडी काढलीस आणि फाटक उघडं टाकून गेलास. मुद्दाम टाकलंस की रागात विसरलास ते मी विचारत नाही. या मुलखात माणूस बायकोला विसरेल, पण फाटक लावायचं विसरत नाही. बाबांची घोडी डॉली त्या फाटकातून हायवेवर गेली आणि ट्रकखाली आली. बाबा तिचा लगाम हातात घेऊन परत आले आणि म्हणाले, "तो पुन्हा या फाटकात दिसला तर गोळी घालीन." ओरडले नाहीत. उद्या पाऊस आहे म्हणावं तसं म्हणाले. आणि बाबा फार थोडं बोलायचे, पण बोललेलं करायचे, हे तुलाही ठाऊक आहे.

तेव्हापासून दर मोसमात ते रोज संध्याकाळी फाटकावरच्या मचाणात जाऊन बसायचे. ओढ्याकडची चांगली मचाणं पाहुण्यांना, हे त्या फाटकावरच्या पत्र्याच्या पेटीत. तेही कुरणाकडच्या खिडकीत नाही, रस्त्याकडच्या. तिथून त्यांनी एकही बार काढला नाही. मी एकदा विचारलं, "कुणाची वाट बघता?" म्हणाले, "हरणाची." दफन झाल्यावर मीच जाऊन रस्त्याकडची खिडकी आतून लावली आणि कडी घातली.

माणूस गेला, डॉर्मन. त्याची बंदूक स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेली आहे आणि तिच्यावर धूळ बसली आहे. आता कुणाला भितोस?

व्हर्लीन

चौथी खाट मांडून ठेवते. पोरांना सांगितलेलं नाही, उगाच थट्टा करतील.


मेसन
सोमवार, ७ नोव्हेंबर

डॉर्मन,

खाट तशीच राहिली. बरं. मी पुन्हा बोलावणार नव्हते, हे पत्र त्यासाठी नाही. इथे काहीतरी झालं आहे आणि सांगायला मला दुसरं कुणी नाही. मी असलं काही मानणारी बाई नाही, चर्चमध्येसुद्धा दाराजवळच्या बाकावर बसते. म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

शुक्रवारी तिघं आले. गेलन आणखी सुटलाय, गाडीतून उतरला तेव्हा गाडीनं सुटकेचा श्वास टाकला. त्रेविन्योच्या बायकोनं मक्याच्या पानात उकडलेले तमाले दिले होते. हॉलिसचे केस गेले, पण तोंड तेच. आल्या आल्या बाबांच्या खुर्चीपाशी टोपी काढून उभा राहिला आणि मग तिच्यात बसला नाही. मला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी गेलननं नेम चुकवला. ओढ्याकाठी, हरणांसाठी टांगलेल्या मक्याच्या पिंपापाशी, चांगला शिंगवाला नर आडवा उभा. गेलनचा बार आम्ही इथे ऐकला. आई बिस्किटांच्या पिठात हात घालून बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "कलेजीसाठी तवा टाकू नकोस. धप् आलं नाही."

तुला आठवतं ना तिचं हे? बार लागला की मागून एक धप् आवाज येतो, हरणाच्या अंगात गोळी शिरल्याचा. जन्मभर स्वयंपाकघरात उभं राहून तिनं तो ऐकलाय. डोळे गेले, कान नाही गेले. बाबांच्या बाराला तिनं तवा टाकला नाही असं कधी झालं नाही.

तर गेलन आला, तोंड पाडून. हॉलिस दारातच उभा होता.

"काकू, कात्री आणा. शेपूट आलंय."

"झाडाची फांदी मध्ये आली," गेलन म्हणाला.

"ओढ्याकाठी झाड कुठलं रे? मागच्या वर्षीचं जळण तूच तोडलंस ते."

"मग वारा."

"वाऱ्यानं तुला हलवलं? वाऱ्याला मानलं पाहिजे."

आईनं तिची शिवणाची कात्री घेतली, गेलनला पाठमोरं उभं केलं, चाचपून त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कराकरा कापला. गेलननं आपलं शेपूट आपल्या हातानं पत्र्याच्या खोलीतल्या भिंतीवर ठोकलं, नाव, वर्ष घालून. बाबांचा नियम तू विसरला असशील म्हणून लिहिते. ज्याचा नेम चुकला त्याचं शेपूट आई कापणार, ठोकायचं ज्याचं त्यानं. आणि मग मोसम संपेपर्यंत त्याची बंदूक खाली, आणि इथे असेपर्यंत सगळ्यांची भांडी त्याच्या गळ्यात. त्या भिंतीवर तुझी दोन आहेत, हॉलिसची तर गोधडी होईल. बाबांचं एकही नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला ते भिंतीसमोर उभं करायचे आणि काही न बोलता बघत राहायचे. केवढा ताठा होता त्यांना त्या गोष्टीचा.

दुपारी उत्तरेचं वारं सुटलं. असं गार की पाण्याच्या हौदावर बर्फाची साय धरली. तिघंही लवकर परत आले. दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो, मटणाच्या तिखट चिलीचं पातेलं मध्ये ठेवून. गेलन पहिल्या भांड्यांना हात लावायला कुरकुरत होता. त्रेविन्यो आईला त्याच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होता.

तेवढ्यात फाटकाकडून बार आला.

एकच. लांबचा नाही, आपल्या हद्दीतला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिघांच्या बंदुका भिंतीला टेकलेल्या होत्या, मी पळी हातात धरून उभी. हॉलिसचा चमचा तोंडाशी थांबला होता.

आई म्हणाली, "चुकला."

ती पुन्हा म्हणाली, "धप् आलं नाही. अगं व्हर्लीन, त्यांचा नेम चुकला." आणि ती हसली. आजारी पडल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

"कुणीतरी चोरून शिकार करतंय," हॉलिस म्हणाला. तो आणि त्रेविन्यो गाडी घेऊन गेले. परत आले तेव्हा त्रेविन्योनं दारातच छातीवर क्रूस काढला आणि हॉलिस त्याला त्यावरून काही बोलला नाही. फाटकापाशी कुणी नव्हतं. साखळी होती तशी. मचाणाचं दार बाहेरून लावलेलं. आत बाबांची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून, आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडी.

"वाऱ्यानं उघडली असेल," हॉलिस म्हणाला.

मी म्हटलं, "कडी आतून आहे."

"मग कडी नीट लागली नसेल. खाऊन घ्या आता, गार होतंय."

कुणाला जेवण गेलं नाही. भांडी तशीच टाकून तिघं त्यांच्या खोलीत गेले. आईला अंथरुणात घालून मीही पडले. पडायच्या आधी दारावरच्या बंदुकीवरून बोट फिरवलं. धुळीत माझ्या बोटाची रेघ उठली, दुसरी एकही नव्हती.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर सगळी भांडी घासलेली. चिलीचं पातेलं, तवा, कॉफीची किटली, सगळं पुसून उपडं घातलेलं. मी गेलनला म्हटलं, "शाब्बास रे." तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मी कुठे घासली? मी तर आत्ता घासायला आलो."

"हॉलिस?"

"हॉलिस? तो स्वतःचा कप धूत नाही. आणि घासणाऱ्याला घासता येत नाही गं व्हर्लीन, हे बघ, तव्याला साबण लावलाय."

लोखंडी तव्याला साबण, वर्षानुवर्षं मुरलेलं तेल सगळं गेलं. या घरात असं करणारा एकच माणूस असता, ज्यानं जन्मात भांडं घासलं नाही तो.

मग त्रेविन्योनं मला पत्र्याच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर गेलनच्या शेपटाशेजारी आणखी एक होतं. निळ्या चौकड्यांचं. नाव नाही, वर्ष नाही. खिळा मात्र पार आत ठोकलेला, एका घावात ठोकल्यासारखा. ते तिघं तिथेच झोपले होते, कुणी ठोकल्याचा आवाज ऐकला नाही.

मी आईकडे गेले. ती अंथरुणात बसून होती, कात्री मांडीवर.

"आई, कुणाचं कापलंस?"

"ज्याचा चुकला त्याचं."

"आणि ठोकलं कुणी?"

"त्याचं त्यानं. नियमच आहे ना." आणि मग, "हात किती गार होते गं त्यांचे."

डॉर्मन, मी हे लिहायचं टाळत होते. तो शर्ट मला माहीत आहे. फेब्रुवारीत बाबांना घालायला तोच काढला, तेव्हा मागच्या घोळाला गुरांना डाग देताना पडलेलं जळकं भोक होतं. असा शर्ट घालून माणसाला पाठवू नये म्हणून मी त्या रात्री ते रफू केलं. घरात निळा दोरा नव्हता, म्हणून हिरवा घेतला. शर्ट मी त्यांना घातला, बटणं मी लावली, आणि झाकण लावताना मी तिथे होते.

भिंतीवरच्या तुकड्यावर माझं हिरवं रफू आहे.

पोरं दुपारच्या आधीच गेली. गेलन जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. हॉलिसनं बाबांच्या खुर्चीपाशी पुन्हा टोपी काढली.

मला भीती वाटते आहे. एवढंच.

व्हर्लीन


मेसन
सोमवार, १४ नोव्हेंबर

डॉर्मन,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी चार ओळी, आणि त्या चारही शिव्या. "गोळी घालूनच घरात घ्यायचं होतं तर बोलावलंस कशाला? हॉलिसला सांग, अजून थोडं डावीकडे." दोनदा वाचलं तेव्हा मला कळलं.

तू आला होतास.

शनिवारी तू तुझ्या त्या ओडेसाहून इतक्या लांब गाडी हाकत आलास, दिवस मावळताना फाटकापाशी उतरलास, साखळीच्या आकड्याला हात घातलास, आणि हाताशेजारचा खांब फुटला. आणि तू परत गेलास. आम्ही आत चिली खात बसलो होतो रे. आई दर संध्याकाळी विचारते तेच त्याही संध्याकाळी विचारणार होती, आणि तू खरोखर फाटकात उभा होतास. मी मघापासून रडते आहे, अक्षर फिसकटलं तर समजून घे.

हॉलिस नव्हता. गेलन, त्रेविन्यो, मी, कुणी नव्हतं. मागचं पत्र तुला मिळालं असेलच, त्याची आणि तुझ्या पत्राची वाटेत चुकामूक झाली. ते वाचून तू काय समजलास माहीत नाही. बाई खुळावली समजला असशील.

तुझं पत्र हातात घेऊनच मी फाटकावर गेले. उजव्या खांबात भोक आहे. सीडरचं आतलं लाकूड अजून लालबुंद आहे, ताजं. साखळीच्या आकड्यापासून वीतभर. चाकूनं कोरून गोळी काढली. सपाट नाकाची आहे. हल्ली तसली बंदूक आपल्या ओळखीत कुणी वापरत नाही, बाबांचीच तेवढी होती, आणि ती दारावर टांगलेली आहे. धुळीत माझ्या बोटाची रेघ आहे, तेवढीच.

मग मचाणात जाऊन त्या खुर्चीत बसले. दिवसाउजेडी, बारा वाजता. रस्त्याकडच्या खिडकीतून फाटक इतकं जवळ दिसतं की माणसाच्या शर्टाची बटणं मोजावीत. तिथून मी, जिनं आयुष्यात ससाही मारला नाही, तीसुद्धा चुकणार नाही. आणि बाबा चुकले.

घरी येऊन आईला सांगितलं, डॉर्मन आला होता आणि परत गेला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला माहीत आहे. म्हणून तर कापलं." मग माझा हात धरून म्हणाली, "ते म्हणाले होते गोळी घालीन. म्हणाले म्हणजे घालावी लागणार. जन्मभर शब्द फिरवला नाही त्यांनी, मेल्यावर फिरवतील? पण लागलीच पाहिजे असं कुठे म्हणाले होते?"

मी म्हटलं, "आई, ते खरंच मारणार होते का?"

"मारायचं असतं तर मी तवा टाकला असता की नाही?" म्हणाली, आणि झोपली.

माझं मत विचारशील तर मला माहीत नाही. इतकी वर्षं ते तिथे बसून तुझी वाट बघत होते की तुझ्यावर डूख धरून होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. कदाचित त्यांनाही शनिवारपर्यंत माहीत नसेल. पण भिंतीवरचा तो तुकडा मी आज पुन्हा बघितला. ज्या माणसानं ती भिंत कोरी ठेवायला जन्म घालवला, त्यानं आपल्या हातानं तिथे खिळा ठोकला. माझ्यासाठी त्यानं एवढं कधी केलं नाही, आणि मी इथेच राहिले होते. तेही लिहून टाकते, मनात कशाला ठेवू.

आता नीट वाच. रात्रीची भांडी मी तशीच टाकते आणि सकाळी ती घासलेली असतात. रोज. तव्याला अजून साबण लावतात, मी काही बोलत नाही. म्हणजे ते नियम पाळताहेत, डॉर्मन. ज्याचं शेपूट कापलं त्याची बंदूक मोसम संपेपर्यंत खाली. त्यांचाच नियम आहे आणि तो त्यांनी कुणासाठी मोडलेला मला आठवत नाही.

मोसम जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो. त्याच्या आत ये. पुढच्या नोव्हेंबरचं मी सांगू शकत नाही, आणि आई तोवर थांबेल असंही नाही. काल तिनं तिची चांगली वहाण पलंगाखालून काढायला लावली. कशाला विचारलं तर म्हणाली, फाटकापर्यंत चालायचंय.

गुरं सगळी मी मागच्या कुरणात नेली आहेत आणि मधलं कुंपण लावून घेतलं आहे. आज संध्याकाळी जाऊन साखळी काढली. पुढचं फाटक आता उघडंच राहील, रात्रंदिवस. एवढ्यात रस्त्यावरून गेलेल्या दोन शेजाऱ्यांचे घरी पोचून फोन आले, "व्हर्लीन, तुझं फाटक उघडं राहिलंय." मी म्हटलं, माहीत आहे.

आत आलास की लावून घे.

व्हर्लीन